आग्रहाची बार्बेरा

परीक्षित तासगावचा आहे, एवढं एकच एन्झोला कळलं आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

एन्झोचं रीडिंगमध्ये, ऑक्सफर्ड रोडला लागून असलेल्या गल्लीत छोटंसं इटालियन दुकान. पास्ता, चीज, टोमॅटोचे डबे, ऑलिव्ह ऑइल आणि मागच्या भिंतीला त्याच्या भावाच्या मळ्यातली वाइन. परीक्षित दर शनिवारी तिथे छोले घ्यायला जायचा, कारण इटालियन छोले लवकर शिजतात असं त्याच्या बायकोचं, चैत्रालीचं ठाम मत. तर एका शनिवारी एन्झोने सहज विचारलं, "इंडियात कुठला तू?" परीक्षितने सहज सांगितलं, "जिथे द्राक्षं पिकतात तिथला."

एन्झोने हातातला चीजचा सुरा खाली ठेवला. सत्तरीचा माणूस काउंटरच्या बाहेर आला आणि परीक्षितचे दोन्ही दंड धरून म्हणाला, "म्हणजे तू आपल्यातला!"

आता खरं सांगायचं तर परीक्षित सॉफ्टवेअर टेस्टर. द्राक्षबागेशी त्याचा संबंध मामाच्या मळ्यात घड तोडून पळण्यापुरता. पण परदेशात चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला 'आपल्यातला' म्हणत होतं. अशा वेळी माणूस खुलासे करत बसत नाही. परीक्षितने मान डोलावली आणि म्हणाला, "भुरी रोगाचा फार त्रास असतो आमच्याकडे." झालं. एन्झोच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग त्याने आपलं दुखणं सांगितलं. मळा पिएमाँटमधला, तिथल्या बार्बेरा नावाच्या लाल द्राक्षाचा. तीन पिढ्या घरच्या नावाचं लेबल. आता व्यवहार बघते पुतणी, कियारा. ती हिशेबी. तिने सांगून टाकलं होतं, काका, यंदाचा रस पिंपात भरला की ठरवायचं. बाटल्या भरायच्या की सगळा माल टँकरने मोठ्या कारखान्याला घालायचा. टँकर गेला की लेबल संपलं. इंग्लंडमध्ये आपली वाइन कुणाला तरी हवी आहे हे दाखवा. ऑक्टोबरअखेर मी येते बघायला.

"तू कॉम्प्युटरवाला," एन्झो म्हणाला, "आणि द्राक्षवाला. ते इन्स्टाग्राम, ब्लॉग, ते तूच कर."

एन्झोला वाटत होतं की कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला इन्स्टाग्राम येतं. म्हणजे रेल्वेत नोकरी करणाऱ्याला इंजिन चालवता येतं तसं. पण नाही कसं म्हणणार? आपल्यातला ना.

परीक्षितने आधी ऑफिसात एचआरला ईमेल केली, कारण तो व्हिसावर होता आणि व्हिसावरचा माणूस शिंकायच्या आधीसुद्धा एचआरला विचारतो. उत्तर आलं, हॉबी म्हणून करत असाल तर हरकत नाही, मोबदला घेऊ नका. त्याने परत विचारलं, चव घेणं हा मोबदला होतो का? या ईमेलचं उत्तर अजून आलेलं नाही.

मग अभ्यास. व्हिडिओ बघून बघून परीक्षितला कळलं की वाइनचा ग्लास आधी फिरवायचा असतो. मनगटात ती कला यायला हवी. सरावाला वाइन कशाला नासायची म्हणून त्याने ग्लासात रायबिना नावाचं जांभळं सरबत घेतलं. पहिल्या दिवशी टेबल. दुसऱ्या दिवशी स्वतःचा शर्ट. तिसऱ्या दिवशी हात बसला, आत्मविश्वास आला, त्याने जरा जोरात फिरवलं आणि घरमालकाच्या क्रीम रंगाच्या पडद्यावर जांभळा युरोप उमटला.

चैत्राली शांतपणे पडद्याजवळ गेली. नाक लावून वास घेतला.

"चेरी येतेय," ती म्हणाली, "आणि मागून थोडा तुझा मूर्खपणा. लाँग फिनिश आहे, बराच रेंगाळतोय."

ब्लॉगचं नाव ठेवलं 'घोट आणि घास'. इंग्रजी आणि मराठी दोन्हीत. इथे एक अडचण आली. जगभरचे वाइनवाले लिहितात की अमुक वाइनला जुन्या चामड्याचा वास येतो, तमुकला ओल्या दगडाचा. परीक्षित सरळ माणूस. त्याने चामडं कधी चाटलेलं नव्हतं. एन्झोने दिलेली बार्बेरा त्याने घोटभर घेतली, डोळे मिटले आणि खरं काय वाटलं ते टाइप केलं : "आमसुलाचं सार थंड झाल्यावर लागतं तसं आंबट, आणि त्याच्यामागे पिकलेली करवंदं. घशाला टोचत नाही. तिखटाबरोबर पळेल." पुढे मिसळीबरोबर पिऊन पाहिली आणि खरोखर पळाली. मिसळीच्या तिखटाला ती आंबट बार्बेरा अशी काही सांभाळून घेत होती, की जशी समजूतदार स्वभावाची वहिनी तापट दिराला घेते. हेही त्याने लिहिलं.

दर रविवारी एक पोस्ट. बार्बेरा आणि कोथिंबीर वडी. बार्बेरा आणि भरली वांगी. बार्बेरा आणि पिठलं. फोटो काढायला प्रत्येक वेळी पाऊण तास, कारण उजेड नीट हवा आणि रीडिंगचा उजेड म्हणजे सरकारी कारकून, चहाला गेला की गेला.

"आपल्या घरात आता आधी फोन जेवतो," चैत्राली म्हणायची, "मग गार झाल्यावर आपण."

आईला त्याने सांगितलं होतं की द्राक्षांबद्दल लिहितो. खोटं नव्हतं. आईने ते अख्ख्या तासगावात पसरवलं. "पोरगं तिकडं विलायतेत द्राक्षाचं बघतंय," असं ती भाजीवालीलासुद्धा सांगायची. मग मामाचा आठ मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, भुरीवर गंधक किती आणि कधी मारायचं त्याचा. परीक्षितने गंमत म्हणून त्याचं इंग्रजी करून एन्झोला दिलं. एन्झोने इटालियन करून भावाला. तिकडून उलट निरोप आला, हा माणूस बरोबर बोलतो. मामाची किंमत घरात एकदम वाढली. परीक्षितची आहे तिथेच.

आणि लाइक? अकरा आठवड्यांत, अकरा पोस्टवर, दर पोस्टला सरासरी तीन. एक परीक्षितचा स्वतःचा. एक एन्झोचा, तोही दुकानातल्या मुलीच्या फोनवरून. आणि तिसरा ब्राझीलमध्ये गॉगल विकणाऱ्या कुणाचा तरी. तो नेमाने यायचा. परीक्षितला त्या गॉगलवाल्याबद्दल माया वाटायला लागली होती.

चमत्कार हा, की वाचकांचे आकडे वेगळंच सांगत होते. पोस्ट वाचणारे दोन-दोन हजार! वाचतायत, शेवटपर्यंत वाचतायत, आणि बोट मात्र लावत नाहीत.

याचा उलगडा कमलाकरकाकांनी केला. काका शेजारच्या घरातले. चाळीस वर्षं इंग्लंडात, बँकेतून रिटायर, आणि गल्लीतल्या कुणीही कुठलंही काम काढलं की सल्ला द्यायला कुंपणापाशी हजर. कोणत्या मंगळवारी कचऱ्याची कुठली बिन बाहेर ठेवायची हे कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, विसरायला झालं तर ते काकांना विचारतील.

"परीक्षित," काका कुंपणावरून म्हणाले, "भरल्या वांग्याच्या पोस्टमध्ये तिसऱ्या पॅराग्राफला तू चिंच म्हणालास. तुझी नीनाकाकू चिंच घालत नाही. बाकी उत्तम."

"काका, तुम्ही वाचता?"

"सगळ्या! नीना मोठ्याने वाचते, मी ऐकतो."

"मग लाइक का नाही करत?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत एक मांजर सोडून कुणी नव्हतं. तरी आवाज खाली आणून म्हणाले, "अरे, मी लाइक केलं की माझ्या साडूला दिसतं. साडू नाशिकला व्यसनमुक्ती मंडळाचा चिटणीस आहे. चाळीस वर्षं मी त्याला सांगत आलोय की मी लंडनला फक्त चहा पितो."

"काका, तुम्ही रीडिंगला राहता."

"तेही त्याला माहीत नाही."

मग परीक्षितच्या लक्षात आलं की त्याचा इनबॉक्स याच गोष्टीने भरलेला आहे. मिल्टन कीन्सच्या रूपालीचा मेसेज : 'खूप सुंदर लिहितोस. लाइक करत नाही, गैरसमज नको, सासूबाई मला फॉलो करतात.' बेसिंगस्टोकच्या राजेंद्रचा, जो महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी : 'ही वाइन कुठे मिळते? एका मित्राला हवी आहे.' असे अठ्ठावीस 'मित्र' परीक्षितने मोजले. आपल्या लोकांना वाइन चालत होती, आवडतही होती. पण लाइकवर बोट ठेवणं म्हणजे जाहीर कबुलीजबाब. तो सासरीही दिसतो, माहेरीही दिसतो आणि साडूला तर हमखास.

हे कियाराला कसं सांगायचं? तिचा मेसेज सप्टेंबरअखेर आला. त्यात फक्त एक आकडा होता आणि पुढे प्रश्नचिन्ह. तीन?

एन्झो त्या दिवशी भावाच्या वाइनच्या बाटल्या एकेक करून पुसत बसला. पुसलेल्या परत पुसल्या.

परीक्षितने हॉबी म्हणून सुरू केलेली गोष्ट, आणि आता एका घराचं नाव बाटलीवर राहणार की पुसलं जाणार हे त्याच्या अंगावर आलं होतं. तो म्हणाला, "लोक आहेत, एन्झो. दिसत नाहीत, पण आहेत. कियारा येईल त्या रविवारी मी तीस माणसं दुकानात उभी करतो. टेस्टिंग ठेवू."

तीस म्हटल्यावर आपल्याच तोंडून निघालेल्या आकड्याकडे त्याने परक्यासारखं पाहिलं.

दुकानाचं लायसन्स बाटली विकण्याचं, तिथे उभं राहून पाजायचं नाही. त्यासाठी कौन्सिलला दहा वर्किंग डे आधी नोटीस द्यावी लागते. परीक्षितने शनिवार-रविवार धरून दहा मोजले. काकांनी कुंपणावरून चूक काढली, तेव्हा शेवटचा दिवस उजाडलेला. घाईघाईत फॉर्म भरायला बसला. फॉर्ममध्ये प्रश्न होता : आपण कधी दुसऱ्या नावाने ओळखले जात होता का? आता लोक तिथे लग्नाआधीचं नाव वगैरे लिहितात. परीक्षित प्रामाणिक. त्याने लिहिलं, होय. पिंट्या.

चार दिवसांनी तो ऑफिसात मीटिंगमध्ये होता, फोन स्पीकरला जोडलेला, आणि त्यावर कौन्सिलच्या एका अतिशय सभ्य बाईंचा आवाज आला : "आपणच मिस्टर पिंट्या का?"

परवानगी मिळाली, दुपारी दोन ते सहा. पण ऑफिसात इज्जत गेली. एकाने तर विचारलं, पिंट्या ही लाल वाइन असते की पांढरी?

आता माणसं. परीक्षितने टेस्टिंगची जाहीर पोस्ट टाकली. 'येणार' असं किती जणांनी दाबलं? एक. गॉगलवाला. आणि इनबॉक्समध्ये नुसता पूर! येतो, पण नाव कुठे लिहू नकोस. येते, पण मंडळातलं कुणी नसेल ना? राजेंद्र किती वाजता येणार आहे, म्हणजे मी तेव्हा येत नाही. आणि खुद्द राजेंद्र : मंडळाच्या लोकांसमोर बरं दिसत नाही रे, मला असं टाइम दे की कुणी नसेल.

तेव्हा टेस्टर जागा झाला. परीक्षितने टाइमटेबल बनवलं. चोवीस कुटुंबं, दोन ते सहा, प्रत्येकाला दहा मिनिटं. एक मागच्या गल्लीतून बाहेर पडेल तेव्हा दुसरं पुढून आत येईल. कुणाची कुणाशी गाठ नाही. आणि त्यात त्याने वर आणखी एक अक्कल वापरली. मंडळाच्या गणपतीला तो तीन वर्षं दारातल्या टेबलावर बसलेला. आपली माणसं किती उशिरा येतात याचा त्याच्याएवढा अभ्यास कुणाचाच नव्हता. सरासरी एक तास. म्हणून त्याने प्रत्येकाला खऱ्या वेळेच्या एक तास आधीची वेळ दिली.

"हुशार आहेस," चैत्राली म्हणाली, "पण मग कियाराला एका वेळी दुकानात दोनच माणसं दिसतील ना?"

"ती बसून बेरीज करेल."

"हो, आणि वाटेल की हीच दोन माणसं कोट बदलून येतायत."

रविवार. बारीक पाऊस. एक वाजता परीक्षित आणि चैत्राली दोन मोठी पातेली मिसळ, पाव आणि फरसाण घेऊन टॅक्सीतून उतरले, आणि परीक्षितने पाहिलं की दुकानाच्या बंद दारापुढे हूडीत तोंड लपवून एक जोडपं उभं आहे. कमलाकरकाका आणि नीनाकाकू. वेळेवर! ठरल्या मिनिटाला!

जी माणसं आरतीला वेळेवर आली नाहीत, बारशाला आली नाहीत, जी स्वतःच्या लग्नात मुहूर्त टळल्यावर पोहोचलेली, ती वाइनला घड्याळ लावून आली. एक दहाला रूपाली. एक वीसला राजेंद्र, छत्री इतकी खाली घेतलेली की खांबाला धडकला. दोनच्या आधी बाटली उघडायची नाही, कौन्सिलचा नियम. दुकानात आत घ्यायची सोय नाही, एन्झो कियाराला आणायला स्टेशनवर गेलेला. पाऊस वाढला. समोर फक्त एक लाँड्री उघडी होती, आपले कपडे आपणच मशीनमध्ये टाकून धुवायची.

तर पावणेदोन वाजता दृश्य असं, की लाँड्रीत पाच मराठी कुटुंबं बसलेली. एकाच्याही हातात कपडा नाही. सगळे एका रांगेत, नजर समोरच्या फिरत्या मशीनवर.

"काय राजेंद्र, इकडे कुठे?" काका.

"हे आपलं... कपडे."

"बेसिंगस्टोकहून?"

"तिथली मशीन जरा... तुम्ही?"

नीनाकाकूंनी पटकन काकांच्या गळ्यातला मफलर काढून मशीनमध्ये टाकला आणि बटण दाबलं. नुसतं बसणं बरं दिसत नाही. तो लोकरीचा होता. बाहेर आला तेव्हा काकांच्या नातवाला झाला असता.

दोन वाजता एन्झो कियाराला घेऊन आला, दार उघडलं आणि सगळे एकदम आत. मागोमाग दोनच्या वेळेचे, दोन दहाचे, दोन वीसचे, सगळेच्या सगळे वेळेवर. परीक्षितचं टाइमटेबल एका तासात मोडलं. अडीच वाजता दुकानात तीसच्या वर माणसं होती. खरं तर हेच हवं होतं! पण प्रत्येकाने प्रत्येकाला पाहिलं होतं.

"मी ऑलिव्ह ऑइल घ्यायला आले," रूपाली मोठ्याने म्हणाली. कुणीही विचारलेलं नसताना.

"मी पण," राजेंद्र म्हणाला.

आणि सगळ्यांनी ऑलिव्ह ऑइल घेतलं. वीस मिनिटांत फळी रिकामी. मग टोमॅटोचे डबे. काका एका डब्यामागचं बारीक इंग्रजी असं लक्ष देऊन वाचत होते, की जणू त्यात मृत्युपत्र आहे. मधल्या टेबलावर पांढरं कापड, चाळीस ग्लास, उघडलेल्या सहा बाटल्या. टेबलाभोवती दोन हात मोकळी जागा. तिथे कुणी जाईना.

कियारा कोपऱ्यात उभी होती. तिशीची, केस घट्ट बांधलेले, हातात वही. तिने परीक्षितला हळूच सांगितलं, "तेलाला मागणी चांगली आहे. मी बाबांना सांगते."

परीक्षितने मग भाषण ठोकलं. करवंदं, आमसूल, आंबटपणा, सगळं सांगितलं. ग्लास फिरवून दाखवला आणि या वेळी एक थेंबही सांडला नाही. पण बघायला कुणीच नव्हतं. सगळे पास्त्याच्या आकारांवर चर्चा करत होते. तेवढ्यात त्याने एन्झोकडे पाहिलं. एन्झो एक उघडलेली बाटली घेऊन तिचं बूच परत बसवत होता. दुसऱ्या प्रयत्नालाही बसलं नाही.

परीक्षितला वाटलं, आपण आपल्या लोकांना ओळखत नाही. गणपतीच्या टेबलावर तीन वर्षं बसूनसुद्धा.

ओळखत होती ती चैत्राली. तिने ओढणी कमरेला खोचली.

"बसा सगळे," ती म्हणाली. "मिसळ गार होतेय. काकू, तुम्ही इकडे. राजेंद्रदादा, ते खोके सरळ रांगेत लावा बरं. रूपाली, तू पाव घे हातात."

जेवायला बसा म्हटल्यावर कुणाची काय हरकत? टोमॅटोच्या खोक्यांवर दोन रांगा बसल्या, समोरासमोर. कियारा तोंड उघडं ठेवून बघत राहिली. वाट्या फिरल्या, फरसाण पडलं, तर्री आली. पहिला घास गेला आणि तिखटाने काकांच्या टाळूवर घाम आला. चैत्रालीने तिखट नेहमीपेक्षा जरा जास्तच घातलं होतं की काय, हे परीक्षितने आजतागायत विचारलेलं नाही.

मग ती बाटली घेऊन रांगेतून निघाली. ताक वाढतात तशी.

"काका, वाढू?"

"छे छे! नको, नको."

"थोडीशी."

"अगं खरंच नको."

"काका, सकाळी सहापासून खपतेय मी. अर्धा घोट. माझ्यासाठी."

तीस चमचे थांबले. काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता पोर एवढं म्हणतेय. अन्नपूर्णेचं मन मोडू नये. घाल."

आणि बांध फुटला. कारण स्वतःहून मागणं वेगळं आणि आग्रहाला मान देणं वेगळं! मागणाऱ्याला साडू नावं ठेवील, पण आग्रहाला नाही म्हणायचे संस्कार साडूवरही झालेले नाहीत. राजेंद्र म्हणाला, "वहिनी, बिलकूल नको," आणि ग्लास पुढे केला. रूपाली म्हणाली, "सासूबाई असत्या तर त्यांनीही तुझा शब्द मोडला नसता," आणि दुसऱ्यांदा घेतली. नीनाकाकूंनी नको म्हटलंच नाही. त्या म्हणाल्या, "मला आग्रह करायला उशीर का लागतोय?"

कियाराने परीक्षितची बाही ओढली. "ते नाही म्हणाले. तीनदा नाही म्हणाले. मग ती का ओततेय?"

"तीनदा नाही म्हणावं लागतं," परीक्षित म्हणाला. "त्याशिवाय पुढे जाता येत नाही. फॉर्म भरण्यासारखं आहे ते."

एन्झो अचानक हसायला लागला. "कियारा, तुझी आजी काय करायची? पाहुणा बास म्हणाला की आणखी एक पळी! आपल्याकडेही कुणी कधी मागून खाल्लंय का?"

कियाराने वही खिशात घातली आणि एक बाटली उचलली. काकांपाशी गेली. काकांनी ग्लासवर हात ठेवला. ती चांगल्या वळणाची, हात बघून लगेच मागे फिरली. काकांचा चेहरा असा उतरला की विचारू नका.

"अगं, मागे फिरू नकोस!" चैत्राली इंग्रजीत ओरडली. "हात ठेवलाय, पण बोटं बघ. फाकलेली आहेत."

कियाराने बोटांमधून ओतली. दोन्ही रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ती पोरगी कुणाला आवरली नाही. 'जस्ट लिटल, फॉर मी' म्हणत तिने दोन्ही रांगा दोनदा फिरून संपवल्या. उरलेली कुटुंबंही आपापल्या वेळेला येऊन रांगेत बसली, आणि मिसळीचं पातेलं तळाला गेलं तेव्हा तिचे केस सुटलेले, नाक लाल, आणि ती नीनाकाकूंकडून तर्रीची कृती लिहून घेत होती. त्याच वहीत.

पण अजून ऑर्डरचा कागद बाकी होता. कियाराने तो टेबलावर ठेवला : नाव आणि बाटल्या किती. हेच तिला घरी न्यायचं होतं. रांगा उठल्या, टेबलापाशी आल्या आणि पुन्हा सगळे त्या कोऱ्या कागदाकडे बघत उभे. आग्रहाने पिणं झालं, पण नाव लिहायचं म्हणजे पुरावा.

काकांनी पेन उचललं. विचार केला. मग वळून म्हणाले, "परीक्षित, तू काही मनाला लावून घेणार नाहीस ना?" आणि लिहिलं : परीक्षित, सहा.

त्यांच्या मागून राजेंद्र. परीक्षित, बारा. रूपाली. परीक्षित, सहा. पेन या हातातून त्या हातात. प्रत्येक जण जाताना परीक्षितच्या पाठीवर थाप मारून जात होता आणि 'मोठ्या मनाचा आहेस रे' म्हणत होता. एकाने तर बारा लिहून, खोडून, अठरा केले. कागद भरला, तेव्हा वरपासून खालपर्यंत चोवीस ओळी होत्या आणि एकच नाव. बेरीज, एकशे चौसष्ट बाटल्या.

परीक्षितने तो कागद वाचला. द्राक्षाच्या गावचा, दोन पेल्यांत झोपणारा माणूस. हसावं की रडावं कळेना.

कियाराने तिथेच वडिलांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे शांत, जाड आवाजाचा म्हातारा. ती इटालियनमध्ये बोलत होती आणि एन्झो परीक्षितच्या कानात भाषांतर करत होता. बाबा, बाटल्या भरा. यंदा भरा. टँकरला नाही सांगा. हो, एकशे चौसष्ट. एका दुपारीत.

एन्झोने नाक पुसलं आणि पुढे ऐकू लागला.

पलीकडून प्रश्न आला, किती लोक?

कियाराने कागदाकडे पाहिलं. मग दारात ऑलिव्ह ऑइलच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या निष्पाप चेहऱ्यांकडे पाहिलं. एवढ्या वेळात तिला सगळं समजलं होतं.

"एकच," ती म्हणाली. "परीक्षित नावाचा गृहस्थ आहे."

मग म्हातारा काहीतरी पुटपुटला आणि एन्झो हसता हसता टेबलावर टेकला.

"काय म्हणाले?" परीक्षितने विचारलं.

"म्हणाला, त्या माणसाची तब्येत जपा. पुढच्या वर्षीही तो आपल्याला लागणार आहे."